पदर, रुमाल, शर्ट आणि ट्यूब

आमच्या घराचं दोन पिढ्यांचं पोट उन्हावर चाललंय, असं मी गमतीने म्हणते. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, अंबाजोगाईच्या मंडी बाजारात कापडाचं दुकान होतं. मांजरपाट, धोतरजोड्या, रुमाल, इरकली लुगडी. मी फार्मसी शिकून या घरात आले आणि औषधांचं दुकान टाकलं. तिथे आज एक अख्खी फळी सनस्क्रीनची आहे. मामांकडून ऐकलेल्या गोष्टी आणि माझ्या काउंटरवर ऐकलेल्या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या की एक नवल दिसतं. कातडी उन्हापासून वाचवायची, एवढ्याच हेतूने आमच्या बीड जिल्ह्यात जवळपास काहीच आलं नाही. जे आलं ते मानासाठी, लाजेसाठी, राजकारणासाठी, नाहीतर गोरं दिसण्यासाठी. ऊन त्याने जाता जाता अडवलं.

उष्णतेची गोष्ट वेगळी. तिच्यावर आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं लढवलं आहे. खिशात कांदा, घरात कैरीचं पन्हं, भर दुपारी शेतातून माघारी. बीडच्या छागली तर निजामाच्या राज्यात नावाजलेल्या होत्या. जुन्या गॅझेटियरात बीडच्या गुप्त्यांबरोबर या चामडी पाणपिशव्यांचाही उल्लेख येतो. चामड्यातून पाणी झिरपायचं, वाऱ्याने उडायचं आणि आतलं पाणी गार राहायचं. ऊन लागून माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊन कातडीलाही काही करतं, हे मात्र कुणी आजारात धरलं नाही. तोंड रापणं हे कष्टाचं लक्षण. त्यावर औषध कसलं मागायचं?

आणि ऊन तरी केवढं! बीड शहर १९ अंश अक्षांशाच्या अगदी लगत, अंबाजोगाई त्याच्या थोडी दक्षिणेला. मेच्या मध्यावर एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. विज्ञानाचे मास्तर मुलांना मैदानात नेऊन ही शून्य सावली दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढचा आकडा सगळ्यात वरच्या पायरीचा. आमच्याकडे एप्रिल-मेची निरभ्र दुपार ती पायरी सहज गाठते. जुलैत सूर्य पुन्हा डोक्यावर असतो, पण आभाळ भरलेलं आणि वारा गार, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. उष्णता अंगाला कळते, अतिनील किरण कळत नाहीत. ढगांतूनही त्यातला बराच भाग खाली पोचतो.

आता रुमाल. मराठवाड्यात रुमाल म्हणजे खिशातला चौकोन नव्हे, डोक्याला गुंडाळायचं लांबरुंद कापड. मामा सांगायचे, गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताना त्याच्या डोक्याकडे बघून कुठला गठ्ठा सोडायचा ते ठरायचं. सालगड्याला जाडंभरडं मांजरपाट, पाटलाला तलम रुमाल, लग्नाला रंगीत फेटा. धूत रुमाल बांधलेल्या माणसाला बसायला सतरंजी, मुंडासंवाल्याला ओटा. कापड डोक्यावरच्या मानाचं होतं. पण त्याच्या चार-पाच पदरी वेढ्यांतून ऊन टाळूपर्यंत पोचत नसे आणि मागे सोडलेला शेमला मानेवर सावली धरायचा. शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाची मान सगळ्यात आधी भाजते. शेमला ज्याने पहिल्यांदा मागे सोडला त्याला ते ठाऊक असेल किंवा नसेल, मानेला फरक पडला.

चेहऱ्याचं काय? आमच्या एकाही शिरोभूषणाला पुढे काठ नाही. रुमालाला नाही, पगडीला नाही, निजामाच्या अंमलदारांच्या रुमी टोपीला तर नाहीच. काठाची टोपी आमच्या गावाने पाहिली ती गोऱ्या साहेबांच्या डोक्यावर. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची इथे छावणी होती. साहेब लोकांना इथल्या उन्हाची भयंकर धास्ती. भेंडाच्या गाभ्याची सोला हॅट डोक्यावर, आणि सूर्याचे किरण पाठीच्या कण्यात शिरून माणूस आजारी पडतो या समजुतीपायी पाठीवर जाड कापडाची पट्टीसुद्धा. कण्याची गोष्ट चूक निघाली, हॅटचा काठ बरोबर निघाला. पण ती टोपी साहेबाची. ती घालून गावात फिरलात तर लोक हसणार नाहीतर घाबरणार. उपयोगाची वस्तू होती, पण कुणाच्या डोक्यावर आहे ते बघून लोकांनी ती लांब ठेवली.

त्यानंतर आली गांधी टोपी. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास हिप्परग्याहून अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. १९३८ साली ते निजामाविरुद्धच्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्या काळात पांढरी टोपी घालणं म्हणजे निजामाच्या पोलिसाला आपण कोण ते लांबूनच सांगणं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि टोपीचा खप एवढा वाढला की मामांच्या वडिलांनी म्हणे शिंप्याला दुकानातच बसवून घेतलं. औषधवाली म्हणून माझं मत विचाराल तर उन्हाच्या बाबतीत हा तोट्याचा सौदा होता. नऊ-दहा हातांचा रुमाल गेला आणि वीतभर टोपी आली. कान उघडे, मान उघडी. मामा यावर चिडायचे. "स्वातंत्र्याचा हिशोब कानावर करतीस का पोरी?"

बाईच्या डोक्यावर पदर होता. तो मोठ्यांसमोर घ्यायचा, सासऱ्यासमोर घ्यायचा, देवळात घ्यायचा; उन्हात घ्यायचा असं कुणी शिकवलं नाही. पण नऊवारी लुगड्याचं सूत जाड असायचं, रंग गडद असायचे, हिरवा, काळसर निळा, मेणी लाल. कपाळापर्यंत ओढलेला पदर डोकं, कान, गाल आणि मान झाकायचा. हल्ली मी गिऱ्हाइकाला सांगते की दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावा, घाम पुसला तर लगेच लावा, आणि ते कुणाला जमत नाही. खुरपणाऱ्या बाईचा हात मात्र दर थोड्या वेळाने आपसूक पदराकडे जातो. खालच्या मानेने काम करताना पदर घसरतोच. चोळीची बाही दंडावर संपायची आणि तिथून मनगटापर्यंतचा हात उघडा. तिथला रंगातला फरक म्हाताऱ्या बायांच्या हातांवर आजही आखल्यासारखा दिसतो.

१९७२ च्या दुष्काळाने हे सगळं रस्त्यावर आणलं. शेतातली बाई निदान बांधावरच्या बाभळीखाली दोन घटका बसायची. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर झाड कुठलं? केज तालुक्यातल्या एक आजी गुडघ्याचं औषध न्यायला माझ्याकडे येतात. त्या काळात त्या कोवळ्या वयाच्या, नुकत्या लग्न झालेल्या. त्यांना रेशनवरचा तो तांबडा मिलो आठवतो, सुकडी आठवते आणि दगडाचं ऊन आठवतं. "वरून बी ऊन, खालून बी ऊन. पदर वरचं धरायचा, खालच्याला काय करावं?" हे त्यांनी बरोबर पकडलेलं आहे. फिकट दगड, वाळू, पांढरी माती यांवरून किरण उलटून वर येतात. छत्रीखाली बसलेल्या माणसाची हनुवटीसुद्धा त्याने रापते. पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, २००५ चा केंद्राचा कायदा आला. कामावर पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, विसाव्याला आणि लेकरांना सावली, हे सगळं कागदावर आलं. प्रत्यक्षात लेकराची सावली म्हणजे बहुतेक वेळा आईचंच जुनं लुगडं, झोळी करून टांगलेलं.

आता मी ज्याला बीड जिल्ह्याचं खरं सनस्क्रीन म्हणते, तिथे येते: नवऱ्याचा जुना शर्ट. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यात जा, साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घातलेली बाई रानात दिसणारच. बाहेरच्या माणसाला ते गबाळं वाटतं. पण त्यामागे अर्थकारण आहे. मामांच्या तरुणपणी पुरुषाकडेच शर्ट नव्हता; सदरा होता, बंडी होती, आणि ती अंगावरच विरून फाटायची. मग टेरिकॉट आलं. टेरिकॉटचा शर्ट फाटता फाटत नाही. कॉलर झिजली, बटणं गेली, नवऱ्याने टाकून दिला, तरी कापड शाबूत. तो बाईच्या अंगावर चढला.

तोही उन्हासाठी चढला नाही. ऊसतोडीने चढवला. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. उघड्या हाताने फडात शिरलं की संध्याकाळी अंगभर ओरखडे, त्यावर घाम, त्यावर कूस. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाचट मानेत शिरतं. शर्टाच्या लांब बाह्या आणि बंद कॉलर हा त्यावरचा उपाय. कापसाच्या वेचणीतही तेच, पऱ्हाटीच्या नख्या हात सोलतात. बाईने शर्ट घातला तो पानासाठी आणि नख्यांसाठी, आणि मनगटापर्यंतचा जो हात चोळीने पिढ्यान्‌पिढ्या उघडा ठेवला होता तो पहिल्यांदा झाकला गेला. या बदलाचं मोठेपण मला मुक्तिसंग्रामातल्या टोपीपेक्षा कमी वाटत नाही. त्याला कुणी झेंडा लावला नाही एवढंच.

कापड ऊन किती अडवतं हे मोजायची रीत जगात फार उशिरा आली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ साली त्याचं प्रमाण ठरवलं, त्याला यूपीएफ म्हणतात. त्या मोजणीतून जे कळलं ते आमच्या समजुतीच्या उलट आहे. पांढरा पातळ सुती सदरा गार वाटतो, पण अतिनील किरण त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात, आणि घामाने भिजला की आणखीच. गडद रंग, घट्ट वीण आणि पॉलिस्टरचा धागा जास्त अडवतात. म्हणजे लोक ज्याला "गरम होतंय" म्हणून नावं ठेवतात तो टेरिकॉटचा शर्ट कातडीला मलमलीपेक्षा जास्त सांभाळतो. गरम होतो हेही खरंच. कातडी वाचवायची की जीव गार ठेवायचा, ही ओढाताण फडातल्या बाईला रोज करावी लागते. सावलीत बसून सल्ला देणाऱ्याने ती विसरू नये. चेहऱ्याला लावलेली ट्यूब उष्माघातही थांबवत नाही. त्याला पाणी, मीठ आणि दुपारची सुट्टीच लागते.

क्रीमकडे वळते. चेहऱ्याला लावायची पहिली शहरी वस्तू आमच्या भागात आली ती स्नो. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली अफगाण स्नो काढला आणि सुखवस्तू घरांतल्या लग्नाच्या रुखवतात ती निळी बाटली दिसू लागली. तो चेहऱ्याला मऊपणा आणि गारवा द्यायचा, थोडा पांढुरकेपणा द्यायचा. ऊन अडवणं त्याचं काम नव्हतं. १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि पुढे तिची छोटी पुडी पार तांड्यावरच्या टपरीपर्यंत पोचली. गंमत अशी की तिच्यात ऊन अडवणारे घटक होते, पण घेणारीपर्यंत ती गोष्ट फारशी पोचली नाही. पुडी विकली गेली ती गोरेपणाच्या नावावर, काळेपणाच्या धास्तीवर. २०२० साली नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. माझ्या काउंटरवर ती अजून जुन्याच नावाने मागतात.

खरं सनस्क्रीन जन्मलं ते गोऱ्या कातडीच्या गरजेतून. फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी १९३८ साली पिझ बुइन शिखर चढताना बर्फावरच्या उन्हाने भाजून निघाला आणि त्याने १९४६ च्या सुमारास हिमनदीच्या नावाचं क्रीम काढलं. एसपीएफची मोजपट्टी पुढे त्यानेच रूढ केली. तिकडे अमेरिकेत बेंजामिन ग्रीन नावाचा फार्मासिस्ट, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या लाल चिकट पेट्रोलियम मलमावरून सुधारत सुधारत कॉपरटोनपर्यंत गेला. या सगळ्यांना भीती होती लाल होऊन सालपटं निघण्याची आणि पुढे कातडीच्या कर्करोगाची. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं, आमच्यात तो धोका बराच कमी. आमची तक्रार वेगळी: वांग. गालांवर, नाकावर, कपाळावर तपकिरी डाग, विशेषतः बाळंतपणानंतर. एसपीएफ मुख्यतः भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांचं माप सांगतो. रापवणाऱ्या यूव्हीएसाठी जपानने १९९६ साली पीए ही खूण आणली, ती अधिकच्या चिन्हांत मोजतात. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी ट्यूबवरची ती चिन्हं बघायला लावते. तीन तरी हवीत. एसपीएफ ३० पुरे. तो भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, ५० वाला सुमारे ९८. एका टक्क्यासाठी दीडपट पैसे मोजायची गरज नाही. वांग असेल तर लोहाचं ऑक्साइड घातलेलं, जरा मातकट रंगाचं घ्यावं, कारण वांग नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो. शिवाय ते आमच्या रंगाच्या चेहऱ्यावर पिठासारखं पांढरं उमटत नाही. "ते लावल्यावर भुतावाणी दिसतंय वो ताई," ही तक्रार मी किती जणींकडून ऐकली असेल!

या फळीच्या इतिहासात एक वाईट प्रकरण आहे. वांगावर स्टेरॉइडचं मलम लावायची खोड. चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून शेजारणीने शेजारणीला सांगितलं आणि ट्यूब गावोगाव गेली. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि मग उन्हात पाऊल टाकलं की आग. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी अजून कुणीतरी जुनं खोकं फडक्यात गुंडाळून आणते आणि "हेच द्या" म्हणते. मी देत नाही. आमच्या गावात १९७० च्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या चर्मरोग विभागाकडे बोट दाखवते. काही जणी जातात, काही समोरच्या दुकानात जातात.

आजची गिऱ्हाइकं बघून मामा चकित झाले असते. पहाटे मैदानावर धावून ऊन चढल्यावर परतणारी पोलीस भरतीची पोरं-पोरी सगळ्यात नियमाने ट्यूब नेतात. कॉलेजच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये बांधून स्कुटीवर येतात. तो स्कार्फ धुळीसाठी असतो, ओळख लपवायला असतो, आणि पुन्हा तेच, ऊन फुकटात अडतं. पुरुष मात्र ट्यूब मागताना अजून आवाज बारीक करतात आणि "घरच्यांसाठी पाहिजे" म्हणतात.

ऑक्टोबरात टोळ्या निघायच्या आधी कोयत्यावरच्या बायाही येऊ लागल्या आहेत. त्यांच्याशी बोलताना पुस्तकी सल्ला कोलमडतो. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे साधारण एक ग्रॅम, दिवसातून तीनदा लावायचं म्हटलं तर ५० ग्रॅमची ट्यूब सोळा-सतरा दिवसांत संपते. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. एवढ्या ट्यूबच्या पैशांत घरातलं बरंच काही भागतं. थोडं थोडं लावून पुरवतो म्हटलं तर पातळ थराने छापलेल्या आकड्याइतकं संरक्षण मिळत नाही, नुसतं लावल्याचं समाधान मिळतं.

म्हणून मी त्यांना उलटीकडून सांगते. आधी शर्ट, गडद रंगाचा, गुंड्या गळ्यापर्यंत. पदर कपाळापर्यंत आणि त्यावर स्कार्फ कानावरून बांधलेला. एवढं झाल्यावर उघडं राहतं ते नाक, गाल आणि हनुवटी. तेवढ्याच जागेला अर्धा ग्रॅम, पण नीट जाड थराने. पहिला हात सूर्य वर यायच्या आधी, फडात शिरताना. दुसरा न्याहारी करून तोंड पुसल्यावर. दुपारची भाकरी खायला बसाल ती सावलीत, तिथे लावू नका. या हिशोबाने ट्यूब पन्नास दिवस जाते. दोन ट्यूब नेल्या तर संक्रांत ओलांडून पुढेही काही दिवस पुरतात, आणि तिसरी मागवायची झाली तर गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती खोक्याचं झाकण पाठवा, नावं वाचायची भानगड नको, असं मी सांगून ठेवलेलं आहे.